श्वास छातीत येतो कसा?

फुप्फुसे हवा ओढून घेतात, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः फुप्फुसे स्पंजासारखी मऊ. त्यांना स्वतःहून फुगता येत नाही. काम करतो तो छातीचा पिंजरा. मागे पाठीचा कणा, पुढे उरोस्थी, दोन्ही बाजूंस बरगड्यांच्या १२ जोड्या आणि तळाशी घुमटासारखे श्वासपटल. हा स्नायू आकुंचन पावून खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, आतील जागा वाढून दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. श्वास सोडताना ताणलेली फुप्फुसे आपणहून आकसतात.

श्वासपटल खाली आले की पोट पुढे येते, म्हणून तान्ह्या मुलाचे पोट हलणे स्वाभाविकच. परंतु न्यूमोनियात फुप्फुसे ताठर होतात; श्वासपटल जोर लावते आणि बरगड्यांखालचा मऊ भाग आत खेचला जातो. यालाच आपण 'पोट उडते' म्हणतो आणि बिब्ब्याचा चटका देत बसतो! त्याने फुप्फुसाला काडीचाही उपयोग नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा अधिक भरले, अथवा छाती आत जाताना दिसली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.