परक्याच्या कोठारांतील आपले कागद

हल्लीं गुणपत्रक, जन्माचा दाखला, सात-बाराचा उतारा इत्यादि कागद घरच्या पेटींत न राहतां ‘क्लाऊड’वर राहूं लागले आहेत. क्लाऊड म्हणजे मेघ. परंतु त्यावरून आपले कागद आकाशांत तरंगत आहेत अशी कल्पना आमच्या बालवाचकांनीं करून घेऊं नये. दूर कोठें तरी मोठ्या इमारतींत कंपन्यांचीं संगणकयंत्रें अहोरात्र चालत असतात, व त्यांत आपल्या फाइली सांठविलेल्या असतात. अमेझॉन कंपनीनें असें कोठार २००६ सालीं उघडलें. गूगलचें ‘ड्राइव्ह’ २०१२ सालीं निघालें.

बहुतेक कंपन्या या फाइली गुप्तलिपींत ठेवितात. म्हणून यंत्रच उचलून नेलें, तरी चोराच्या हातीं निरर्थक अक्षरें लागतील. परंतु गुप्तलिपीची किल्ली बहुधा कंपनीपाशींच असते, आणि दारावरचा पहारेकरी ज्यास आंत सोडील त्यास फाइल उलगडून मिळते. हा पहारेकरी दोनच गोष्टी पाहतो: आलेला कोण, आणि त्यास मुभा कोणती. पहिली गोष्ट परवलीच्या शब्दावरून ठरते. १९ जून २०११ रोजीं ‘ड्रॉपबॉक्स’ कंपनीच्या नव्या आज्ञावलींत चूक राहिली, आणि सुमारें चार तास कोणताहि परवलीचा शब्द दिला तरी दार उघडूं लागलें!

असे प्रसंग विरळा. मुभा मात्र मालकानेंच ठरवावयाची असते, आणि आमच्या मतें घात होतो तो बहुधा येथेंच. समजा, एका पालकांनीं प्रवेशासाठीं मुलाचें गुणपत्रक व आधारपत्र एका फोल्डरमध्यें ठेविलें, आणि ‘लिंक ज्याच्याजवळ असेल त्यास’ अशी मुभा देऊन ती लिंक कारकुनाकडे धाडिली. आतां पहारेकरी नांव विचारीत नाहीं. कारकुनानें ती सहकाऱ्याकडे, सहकाऱ्यानें व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटाकडे पाठविली, तरी प्रत्येकास दार उघडेंच. शिवाय फोल्डरची मुभा आंत मागाहून ठेविलेल्या फाइलींसहि लागू होते. उद्यां तेथें बँकेचें पुस्तक ठेविलें, तर तेंहि त्या गटानें खुशाल वाचावें! मोठ्या संस्थांच्या हातूनहि कोठारें अशींच उघडीं राहत. एप्रिल २०२३ पासून अमेझॉनच्या नव्या कोठारांस सार्वजनिक प्रवेश रोखणारा अडसर आपोआप लागूं लागला.

ड्राइव्हमध्यें ‘शेअर’ उघडून ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडावें, ज्यास कागद हवा त्याचाच ईमेल पत्ता लिहावा, आणि ‘व्ह्यूअर’ म्हणजे केवळ पाहण्याची मुभा द्यावी. मग परक्यास तीच लिंक निरुपयोगी होते. काम आटोपल्यावर तें नांवहि काढून टाकावें. तोंवर कोणी प्रत उतरवून घेतली असेल, ती मात्र परत बोलावितां येत नाहीं.