चार मीटरची मोटार

परवा भाचा नवी मोटार घेऊन मालवणात आला. मौज म्हणून आम्ही तिची लांबी मोजली, तर चार मीटरला जेमतेम कमी! शेपूट जणू विळीवर कापलेले. हा प्रताप कारागिराचा नव्हे, कायद्याचा. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल मोटारींना २००६ पासून आपल्याकडे करसवलत आहे. मग ताकद आणायची कोठून? इवल्याशा इंजिनात टर्बोने जादा हवा कोंबून! जपानी लोक तर ६६० सी.सी.त संसार थाटतात. उलट जर्मनीच्या महामार्गांवर कित्येक ठिकाणी वेगाला बंधनच नाही. तिथल्या कारखानदारांनी आपखुशीने कित्येक बड्या मोटारींना ताशी २५० किलोमीटरचा लगाम घातला.

पेट्रोलचीही तीच कथा. २०१२ साली गोव्याने कर उतरवला, लिटरमागे सुमारे ११ रुपये वाचू लागले, आणि आमच्याकडच्या मोटारी टाकी भरायला पत्रादेवीपलीकडे धावल्या.

भाच्याला कसालच्या रस्त्यावर वेग दाखवायचा होता. कुंभारमाठाजवळ वासरू आडवे आले. ब्रेक करकचले, वासरू वाचले, आम्हीही. बहिणीने मुकाट्याने किल्ली मागून घेतली नि माझ्या हाती दिली. परतताना मोटार मी चालवली, ताशी तीसने.