समजून घ्या: ‘एक ओळ पेस्ट करा, कॉम्प्युटर फास्ट करा’, पण त्या ओळीत असतं काय?

‘ही कमांड पेस्ट करा आणि कमाल बघा’ असे रील्स सोशल मीडियावर सतत फिरत असतात. अशी ओळ म्हणजे बहुतेकदा विंडोजच्या सेटिंग्ज बदलणारी छोटी स्क्रिप्ट असते. ती नेमकं काय करते?

सेटिंग्ज कुठे साठवल्या जातात?

पूर्वी विंडोजमध्ये प्रोग्रॅम्सच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या टेक्स्ट फाइल्समध्ये असायच्या. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि त्या प्रामुख्याने ‘रेजिस्ट्री’त जाऊ लागल्या. रेजिस्ट्री म्हणजे एक मोठं दप्तर. त्यात कप्पे, कप्प्यांत फोल्डर आणि फोल्डरमध्ये नोंदी. तुम्ही अ‍ॅप्ससाठी डार्क मोड सुरू करता, तेव्हा पडद्यामागे यातल्याच एका नोंदीत १ चा ० होतो.

स्क्रिप्ट काय करते?

हाच बदल माउसला हात न लावता करते. विंडोजमधल्या पॉवरशेलला रेजिस्ट्री एखाद्या ड्राइव्हसारखी दिसते. त्यामुळे नोंद वाचणं किंवा बदलणं एका कमांडचं काम. ऑफिसातल्या शंभर कॉम्प्युटरवर एकच सेटिंग करायची असेल, तर ही मोठी सोय आहे. मॅकवर यासाठी ‘डिफॉल्ट्स’ ही कमांड आहे, तर लिनक्समध्ये बऱ्याच सेटिंग्ज साध्या टेक्स्ट फाइल्समध्येच असतात.

मग धोका कुठे आहे?

संपूर्ण कॉम्प्युटरच्या नोंदी बदलायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. पण तुमच्या स्वतःच्या खात्याच्या बहुतेक नोंदींना ती लागत नाही. लॉगिन होताच कोणते प्रोग्रॅम सुरू व्हावेत, याची एक यादीही याच नोंदींमध्ये असते. म्हणजे परवानगीची खिडकी न उघडताही एखादा घातक प्रोग्रॅम तिथे कायमचा मुक्काम ठोकू शकतो.

घरगुती विंडोजवर पॉवरशेल स्क्रिप्टच्या फाइल्स मुळात बंद असतात. मात्र थेट पेस्ट केलेल्या कमांडला ही अडवणूक लागू होत नाही. भामटे याचाच फायदा घेतात. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं सांगून विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला लावतात. खरा कॅप्चा असं कधीच सांगत नाही.

काय काळजी घ्याल?

• कमांड आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचा. इंटरनेटवरून काही आणून चालवणारी किंवा अर्थ न लागणारी ओळ असेल, तर सोडून द्या.
• रेजिस्ट्री बदलण्याआधी ती नोंद ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा आणि रिस्टोअर पॉइंट तयार करा.
• संशयास्पद कमांड चालवली गेलीच, तर इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

रिस्टोअर केल्याने सेटिंग्ज पूर्ववत होतील, पण चोरीला गेलेला पासवर्ड परत येत नाही.