गावचं घर, सगळ्या भावंडांचं

मार्च 2020 च्या टाळेबंदीत बेंगळुरूतले अनेक आयटीवाले लॅपटॉप घेऊन गावी गेले आणि काम सुरूच राहिलं. तमिळनाडूत तेनकासीजवळच्या खेड्यात तर झोहो कंपनीचं ऑफिस 2011 पासून आहे.

आपल्याकडे कोकणात, चंदगड-बेळगावकडे सामाईक घरं वर्षभर कुलूपबंद असतात. वारस अनेक, डागडुजी कुणा एकट्याला परवडत नाही. भावंडांनी छप्पर, बाथरूम, इन्व्हर्टर आणि इंटरनेटचा खर्च वाटून घ्यावा, राहण्याच्या पाळ्या कागदावर ठरवाव्यात. दूध, भाजी, डबा गावातूनच घ्यावा. गणपतीत पाच दिवस उघडणारं घर महिनोन्‌महिने उघडं राहिलं, तर वाण्याचं दुकान चालेल आणि शेजारच्या एकट्या म्हाताऱ्यांनाही सोबत मिळेल.