इन्शुलिनची वेळ आणि शाळेची घंटा

कोल्हापुरात बऱ्याच शाळा एरवी अकराच्या सुमारास भरतात, शनिवारी मात्र सकाळी. इतर मुलांना त्या दिवशी फार तर लवकर उठावे लागते. पण वर्गात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले मूल असेल, तर त्याचे इंजेक्शन, जेवण आणि मधली सुट्टी यांचे गणित नव्याने मांडावे लागते. असे का?

निरोगी माणसाचे स्वादुपिंड जेवण सुरू होताच काही मिनिटांत रक्तात इन्शुलिन सोडते. या मुलांमध्ये ते तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि अशा मुलांना जगण्याची वाट मिळाली.

परंतु टोचलेले इन्शुलिन थेट रक्तात जात नाही. त्वचेखाली त्याचे रेणू सहा-सहाच्या गटांत असतात. ते सुटे झाल्यावरच केशवाहिन्यांत शिरतात. म्हणून साध्या इन्शुलिनचा परिणाम सुमारे अर्ध्या तासाने सुरू होतो, २ ते ४ तासांनी सर्वाधिक होतो आणि ६ ते ८ तास टिकतो. ते जेवणाआधी अर्धा तास घेतात, ते यासाठीच. १९९६ पासून मिळू लागलेल्या जलद इन्शुलिनचे रेणू लवकर सुटे होतात. त्यामुळे ते जेवणाच्या अगदी आधी घेता येते. दिवसभर पुरणारे इन्शुलिन जेवणाशी बांधलेले नसते, पण ते रोज ठरल्या वेळी घ्यावे लागते.

आता सकाळी सातला साधे इन्शुलिन घेतलेल्या मुलाचा विचार करा. नऊ ते अकरा या वेळात त्याचा जोर सर्वाधिक असतो. नेमकी तेव्हाच कवायत लांबली आणि डबा राहिला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. स्नायूही साखर ओढून घेतात, त्यामुळे पन्हाळ्याच्या सहलीतही हाच धोका असतो.

घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळलेपणा दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व मुलाला एकटे सोडू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडावाटे काहीही न देता तातडीने दवाखान्यात न्यावे.

इंजेक्शनची वेळ व मात्रा डॉक्टर ठरवतात. डब्याची वेळ मात्र आपल्या हाती आहे. वेळापत्रक बदलणार असेल तर पालकांना आदल्या दिवशी कळवावे, आणि अशा मुलाला तासाला डबा उघडू द्यावा. तो शिस्तभंग नव्हे, औषधोपचाराचाच भाग आहे.