वर्गाबाहेरचे प्राध्यापक

मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानांसाठी १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर उभे राहिले. विषय होता संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. मराठीची घडण इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने त्याआधी क्वचितच कोणी उलगडली असेल. पण भाषण इंग्रजीत, आणि पुस्तक निघाले थेट १९१४ मध्ये. ज्यांच्या बोलण्याची ही चिकित्सा चालली होती, त्यांच्यापैकी किती जणांच्या कानी ती पडली असेल?

त्याच्या दोनच वर्षे आधी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली होती. ना परीक्षा, ना पदवी. उन्हाळ्याच्या दिवसांत यावे आणि ऐकावे. विद्यापीठाची इंग्रजी आणि गावाची मराठी या दोन वाटा पुढे बरीच वर्षे शेजारून चालत राहिल्या, पण फारशा मिळाल्या नाहीत. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी काळे स्मृती व्याख्यान दिले. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. १९३५च्या भारत सरकार कायद्यातले संघराज्य संस्थानिकांच्या एकतंत्री कारभाराला कसे अभय देते, हे त्यांनी कलमागून कलम घेऊन दाखवले. अस्सल प्राध्यापकी काम, तेही इंग्रजीतच.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले. त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. त्यांच्या नावाची बहिःशाल व्याख्यानमाला आजही कॉलेजांतून होते. ‘बहिःशाल’, म्हणजे वर्गाबाहेरचे शिक्षण, हा शब्द काही माणसे गोळा करणारा नाही. खरे तर अशा योजनांचे भवितव्य वक्त्यावर ठरते. तो चांगला असला तर गाव येते. नाही तर हजेरीच्या धाकाने बसवलेली मुले घड्याळ पाहत राहतात.

माझ्या मते विद्यापीठाची आणि गावाची या दोन वाटा खऱ्या अर्थाने एकत्र आणल्या नरहर कुरुंदकरांनी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते मराठी शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाले. निजामाच्या राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेल्या मराठवाड्याला मराठी व्यासपीठाची भूक होती आणि या माणसाला विषयांच्या कुंपणांचे काडीचे कौतुक नव्हते. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवाजी महाराज, मुस्लिम राजकारण, समाजवाद: आज एक, उद्या दुसरा. महत्त्वाचे म्हणजे श्रोता खेड्यातला आहे म्हणून त्यांनी विषय पातळ केला नाही. विरोधकाची बाजू त्याच्यापेक्षा भक्कम करून मांडायची आणि मग तिची चिरफाड करायची, ही त्यांची रीत. लोक चिडत, वाद घालत आणि पुढच्या भाषणाला परत येत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

विज्ञानाला असा माणूस मिळाला तो खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या रूपाने. १९६५ मध्ये ते केंब्रिजहून भारतभेटीवर आले, तेव्हा गुरुत्वाकर्षणावरच्या व्याख्यानांना लोटलेली गर्दी पाहून आयोजकच चकित झाले असतील. ते १९७२ मध्ये कायमचे मायदेशी परतले. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली आणि पुढे दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी तिथे व्याख्याने होऊ लागली. नारळीकरांचे मराठी संथ होते, त्यात टाळ्यांची वाक्ये जवळजवळ नसत. तरी मुले हलत नसत. सहीसाठी गराडा पडला की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. मग उत्तर येई, आणि खाली सही.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. वसंत व्याख्यानमालेला त्याच वर्षी दीडशे वर्षे झाली. आता व्याख्याने मोबाइलवरही ऐकता येतात, त्यामुळे वक्ते दुर्मीळ राहिलेले नाहीत. आटला आहे तो प्रश्नोत्तरांचा वेळ. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि अध्यक्षीय समारोप आटोपेपर्यंत सभागृह रिकामे करून द्यायची वेळ झालेली असते.