पिशवी, पण कोणती?

धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत थोडा वेळ उभे राहिले, की बायकांच्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : पिशवी. ‘माझं पिशवीचं ऑपरेशन झालंय.’ ‘सासूबाईंच्या पिशवीत खडे निघाले.’ ‘पिशवीला सूज आहे म्हणे.’ बोलणारीला आपण कशाबद्दल बोलतो ते पक्के ठाऊक असते. ऐकणाऱ्या डॉक्टरला मात्र पुढे विचारावे लागते, कारण आपल्या बोलीत पोटातल्या पिशव्या तीन आहेत. गर्भाची पिशवी म्हणजे गर्भाशय, लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय आणि पित्ताची पिशवी म्हणजे पित्ताशय. पहिल्या दोन ओटीपोटात, एकीला लागून दुसरी. तिसरी पार वर, उजव्या बरगड्यांच्या आड, यकृताला चिकटलेली.

‘दहा वर्षांपूर्वी पिशवी काढली’ एवढेच सांगितले तर डॉक्टरने काय समजायचे? पित्ताशय काढले असेल तर उजव्या कुशीतल्या दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. गर्भाशय काढले असेल तर पाळी का येत नाही, हा प्रश्नच उरत नाही. त्यातही गर्भाशयाच्या दोन बाजूंची अंडाशये ठेवली की तीही काढली, हे कळायला हवे. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशये गेली तर अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे असे त्रास लवकर मागे लागतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे प्रकरण गाजले आणि 2019 साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कागदावर अंगठा उठवताना कोणता अवयव जाणार आहे, हे आपल्याच भाषेत विचारून घेण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे. पण विचारायला त्या अवयवाचे नाव तर माहीत हवे!

आमच्या खान्देशी मुस्लिम घरांत या गोंधळाला आणखी एक पदर आहे. घरात उर्दू किंवा दखनी वळणाची बोली, बाजारात मराठी, खेड्यावर अहिराणी, यावल-रावेरकडच्या तडवी कुटुंबांचे आणखी वेगळे वळण. दवाखान्यात मराठी आणि हातात पडणारा रिपोर्ट इंग्रजीत. एकाच अवयवाला तीन-तीन नावे. ती वेगवेगळी असती तरी एक वेळ चालले असते, पण काही नावे सारखी दिसतात आणि फसवतात. मराठीत काळीज म्हणजे हृदय. उर्दूत कलेजा म्हणजे जिगर, म्हणजेच यकृत, आणि मटणाच्या दुकानावर आपण कलेजी मागतो तेव्हा कसाई यकृतच तोलून देतो. (शायरीतला कलेजा मात्र छातीत असतो, त्याचे काय करायचे ते शायरांनी ठरवावे.) उर्दूतला ‘मेदा’ म्हणजे जठर, तर मराठीत ‘मेद’ म्हणजे चरबी. ‘अम्मी के मेदे में तकलीफ है’ याचे घाईघाईत मराठी करणारी सून काय सांगून बसेल याचा नेम नाही.

हसण्यावारी नेण्यासारखे हे नाही. हृदयविकाराचा झटका नेहमी छातीच्या डाव्या बाजूलाच दुखून येतो असे नाही. तो जबड्यात, खांद्यात, पाठीत, डाव्या हातात किंवा थेट पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतो. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत तर छातीत दुखल्याशिवायही येतो. घरचे म्हणतात ‘मेदे में जलन, गॅस है’ आणि सोडा पाजून झोपवतात. अशा वेळी अवयवाचे नाव स्वतःच ठरवून टाकण्यापेक्षा जागा सांगावी : बरगड्या संपतात तिथे, मधोमध, दाबल्यासारखे वाटते, घाम सुटला आहे. आणि लगेच निघावे.

‘नस’ हा असाच दुसरा शब्द. सलाइन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणतात ती रक्ताची शिरा. मणक्यात ‘नस दबली’ ती चेतातंतूंची. रात्री पोटरीत ‘नस चढली’ म्हणतो, तेव्हा खरे तर स्नायू आखडलेला असतो. गंमत अशी की तिन्हींना वेगळे शब्द आपल्या घरातच आहेत. ‘आसाबी कमजोरी’ची जाहिरात कोणी वाचली नाही? ‘असब’ म्हणजे चेतातंतू, ‘आसाब’ हे त्याचे अनेकवचन. सूरह काफमध्ये येणारा ‘वरीद’ हा शब्द तिब्बमध्ये शिरेसाठी वापरतात आणि धमनीला ‘शिरयान’ म्हणतात. जळगावच्या इकरा युनानी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला ‘तश्रीहुल बदन’ हा विषय असतो, तो म्हणजे शरीररचनेचाच अभ्यास.

त्या विषयाचा वारसा लहान नाही. इब्न अल-नफीस (1213–1288) यांनी इब्न सीनांच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिताना सांगितले, की रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात मधल्या पडद्यातून झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून येते. हार्वेचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ आला 1628 साली. मेंदूवरच्या जाड आवरणाला जगभरचे डॉक्टर ‘ड्यूरा मेटर’ म्हणतात, म्हणजे कठीण आई. अरबीतल्या ‘उम्म’चे ते लॅटिन भाषांतर आहे. उम्मुल मोमिनीन म्हणणाऱ्या घराला हा शब्द परका का वाटावा?

बाहेरच्या अवयवांची नावे तर वुजू करताना मुले आपोआप शिकतात. कोहनीपर्यंत हात, टखन्यापर्यंत पाय. तेव्हाच कोहनी म्हणजे कोपर, टखना म्हणजे घोटा, एडी म्हणजे टाच, असे आईने जोडून दिले की झाले. सजद्यात जमिनीला टेकणारे सात अवयव मोजून घ्यावेत : कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे, दोन पावलांची बोटे. शाळेत उर्दू माध्यम असेल तर हे फारच गरजेचे. दहावीपर्यंत ‘कल्ब’ आणि ‘गुर्दा’ वाचलेले मूल अकरावीच्या वर्गात ‘हार्ट’ आणि ‘किडनी’समोर एकदम उभे राहते, तेव्हा त्याला विज्ञान नव्हे, शब्द अडवतात.

शब्दांची जबाबदारी एकट्या रुग्णाचीच नाही. एमबीबीएसच्या सुरुवातीला स्थानिक भाषा शिकवण्याची तरतूद 2019 पासून अभ्यासक्रमात आहे. धुळ्यात 1989 पासून आणि जळगावात 2018 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाहेरगावाहून तिथे शिकायला आलेल्या मुलांना ‘पोट दुखस’ हे कळायलाच हवे.

राहिला शरमेचा प्रश्न. ‘खाली दुखतंय’ यात लघवीची जागा, पाळीची जागा आणि संडासची जागा, तिन्ही येतात, आणि तिन्हींचे आजार निराळे. एवढे साधे शब्द उच्चारले तरी पुरे, संस्कृत नावे पाठ करायची गरज नाही. अन्सारी स्त्रियांना दीन समजून घेताना लाज आड आली नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली होती. त्या स्त्रियांचे प्रश्न पाळीचे आणि गुसलचेच होते.

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या प्रत्येकीचे डिस्चार्ज कार्ड रेशन कार्डाबरोबर जपून ठेवावे आणि एकदा वाचून घ्यावे. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘एक्टॉमी’ असेल तर काहीतरी कापून काढले आहे, ‘आयटिस’ असेल तर दाह किंवा सूज आहे. हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढले. कोलेसिस्टेक्टॉमी म्हणजे पित्ताशय. आणि जोडीला ऊफोरेक्टॉमी असे लिहिले असेल, तर अंडाशयही गेले. एक की दोन्ही, ते तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारून कार्डाच्या मागे मराठीत लिहून ठेवावे.